रुमालाची गाठ

ज्यांचा जन्म सरकारी कचेऱ्यांत गेला, त्यांना फाईल म्हणजे काय हे सांगावयास नको. डाव्या अंगास टिपणी, उजव्या अंगास पत्रव्यवहार, कोपऱ्यात भोक पाडून ओवलेली दोरी, वर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर क्रमांक. ही वस्तू वर जाते, खाली येते, अडते, हरवते आणि क्वचित् सापडतेही. आणि या साऱ्या क्रियापदांचे वचन सदैव एकच असते. शंभर कागद अडले असे कोणी म्हणत नाही, फाईल अडली असे म्हणतात. फाईल ही एक वस्तू आहे की अनेक वस्तूंचा समुदाय आहे, हा प्रश्न आम्हांस तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पडला नाही. तो पडला ओरत्तनाडु येथे, एका वृद्ध गृहस्थाच्या ओसरीवर, आणि तोही आमच्याच हातून एक अपराध घडल्यावर.

आमची तंजावरास बदली झाली ती २०१९ च्या जून महिन्यात. हिशेबतपासणीचे काम, आज या गावी, उद्या त्या गावी. उत्तरेत वा पूर्वेत बदली झालेला मराठी अंमलदार पहिल्या आठवड्यात मंडळ शोधतो, गणपती कोठे बसतो ते विचारतो आणि पोह्यांचे दुकान हुडकतो. तंजावरची गोष्ट निराळी. येथे आपण परके म्हणून येतो आणि पाहतो तो आपलीच माणसे साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन बसलेली! व्यंकोजीराजांबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज अद्याप घरात मराठी बोलतात. ती मराठी ऐकताना प्रथम हसू येते, मग लाज वाटते. कारण जे शब्द आपण पुस्तकात घालून ठेवले ते त्यांच्या स्वयंपाकघरात अजून वावरत असतात.

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यास लागले, की पंचवीसएक किलोमीटरांवर ओरत्तनाडु लागते. तालुक्याचे गाव; सभोवार भातशेती आणि नारळ. आपल्या माणसाने तेथे जावे ते मुक्तांबाळ छत्र पाहण्यासाठी. सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळेच्या नावे ते बांधविले. मरणापूर्वी तिने तेवढेच मागून घेतले होते, असे सांगतात. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरकर भोसल्यांनी अशी छत्रांची माळच ओवली होती. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना शाळा असा त्यांचा तिहेरी धर्म. १७९९ च्या तहाने मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला, तरी छत्रे आपल्या हातून जाऊ नयेत म्हणून राजांनी रेसिडेंटास लिहून लिहून भंडावले. ज्याच्या हाती फौज उरली नाही, त्या राजाने भांडावयास छत्र निवडले, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. असो.

या छत्राच्या आवारातच आमची रावजींशी ओळख झाली. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. वय ऐंशीच्या घरात, अंगावर स्वच्छ वेष्टी, कपाळी गंध, आणि आमच्या तोंडचे एक मराठी वाक्य कानी पडताच चेहऱ्यावर उमटलेले जे आश्चर्य, ते आम्ही विसरणार नाही. पाच मिनिटांत त्यांनी आमचे गाव, गोत्र आणि पगार विचारून घेतला आणि घरी कॉफीस चलण्याचा हुकूमच केला.

घरी गेल्यावर त्यांनी माजघरातील पेटीतून रुमाल काढला. पुणेकर वाचकांना पेशवे दप्तरातील रुमाल ठाऊक आहेत. चौकोनी जाड कापडात कागद घालावयाचे, चारी टोके आत घ्यावयाची आणि वर गाठ मारावयाची. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागदांचे असे शेकडो गठ्ठे आहेत. तमिळ अभ्यासक त्यांना ‘मूट्टै’ म्हणतात, आणि तमिळ विद्यापीठाने त्यांतील कागदांची तमिळ भाषांतरे १९८९ मध्ये खंडशः छापलीही. रावजींचा रुमाल मात्र घरचा. त्यांचा कोणी पूर्वज छत्राच्या कोठीवर कारकून होता अशी घरची परंपरा, आणि त्या परंपरेचा आधार म्हणजे ते कापडात बांधलेले १६१ कागद. रावजींना मोडी येत नव्हते, त्यांच्या वडिलांनाही नव्हते. आजोबांना येत होते. म्हणजे उणीपुरी साठ-सत्तर वर्षे तो रुमाल त्या घरात न वाचताच सांभाळला गेला होता. वर्षातून एकदा, सरस्वतीपूजेच्या दिवशी, तो सोडावा, हळदकुंकू वाहावे आणि पुन्हा बांधून ठेवावा, इतकाच काय तो व्यवहार.

२०१८ च्या १६ नोव्हेंबरास गाजा चक्रीवादळ या भागावरून गेले. ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या टापूतील नारळ अक्षरशः आडवे झाले. ज्या झाडावर घराने दोन पिढ्या काढल्या ते एका रात्रीत गेले. रावजींच्या घराची कौले उडाली आणि पाणी पेटीत शिरले. रुमाल वाळवून पुन्हा बांधला, पण म्हाताऱ्यास धसका बसला. अमेरिकेतील चिरंजीव बरेच दिवस सांगत होते, की कागदांची छायाचित्रे घेऊन ती मजकडे पाठवा, मग कागदांचे काहीही होवो. रावजींच्या मनात निराळे होते. त्यांना तो रुमाल, आहे तसा, एखाद्या ग्रंथालयास द्यावयाचा होता. आणि देताना तो कोणाचा, कोणत्या कारकुनाच्या घराण्याचा, हे सोबत लिहून द्यावयाचे होते. आम्ही मध्ये पडलो. ग्रंथालयास द्यावयाचा तेव्हा द्या, म्हटले, तूर्त छायाचित्रे आम्ही घेतो. आमच्याजवळ बरा कॅमेरा होता, रविवार मोकळे होते, आणि परमुलखात आपण मराठीची काही सेवा करीत आहोत हा एक गोड भ्रमही होता.

ऑगस्ट-सप्टेंबरातील चार रविवार आम्ही त्या ओसरीवर काढले. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू, मिळून ३२२ छायाचित्रे. उजेड सरकतो म्हणून काम लवकर उरकावे लागे; तेव्हा आम्ही एक युक्ती योजिली. कागद लहानमोठे होते, दर वेळी कॅमेऱ्याची उंची बदलावी लागे. म्हणून आम्ही आधी सारे मोठे कागद काढून घेतले, मग मधले, मग चिटोरे. हिशेबनिसाची ही सवयच असते. सारख्या आकाराची गोष्ट एकत्र दिसली की त्याच्या जिवास बरे वाटते. वर एक लांबट कागद होता, बारीक अक्षरांत एकाखाली एक ओळी लिहिलेला. त्याचेही छायाचित्र त्याच्या आकाराच्या कागदांत घेतले. काम होताच कागद नीट रचून, कडा जुळवून, आमच्या मते पूर्वीपेक्षा व्यवस्थित, रुमाल बांधून दिला.

घरी येऊन कॅमेऱ्यातील कार्ड संगणकास लावतो, तो संगणक म्हणाला की कार्ड रिकामे आहे, नव्याने आखून देऊ काय? आमच्या तोंडचे पाणी पळाले. सुदैवाने ‘नको’ असे बटन दाबण्याइतकी शुद्ध राहिली. आमची कन्या बंगळूरास संगणकाच्या कार्यप्रणालींवर, म्हणजे ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात त्यावर, काम करते. तिला फोन केला. कार्ड तिच्याकडे पाठविले, आणि तिसऱ्या दिवशी तिने ३२२ च्या ३२२ छायाचित्रे परत दिली. मात्र एकाचेही नाव शिल्लक नव्हते. नुसते आकडे होते.

“चित्रे शाबूत आणि नावे गेली, हे कसे?” आम्ही विचारले.

“बाबा, फाईलला आपले नाव ठाऊक नसते,” ती म्हणाली. “नाव डिरेक्टरीत असते. तुमची डिरेक्टरीच तेवढी बिघडली होती.”

पुढील अर्धा तास तिने जे सांगितले ते आम्ही कचेरीच्या भाषेत उतरवून घेतले. संगणकात आपण ज्याला फोल्डर म्हणतो, कागद ठेवावयाचा खण म्हणून ज्याचे चित्र दाखवितात, तो वस्तुतः खण नव्हेच. तो एक कागद आहे, एक यादी. अमुक नावाची वस्तू अमुक जागी आहे, अशा नोंदींची यादी. आणि ही यादीही इतर फाईलींप्रमाणे एक फाईलच. १९६५ मध्ये मल्टिक्स नावाच्या प्रणालीचा आराखडा मांडताना डेली आणि नॉयमन या दोघांनी डिरेक्टरी म्हणजे प्रणालीने स्वतः सांभाळावयाची विशेष फाईल, असे ठरविले होते. पुढे बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स रचली, तीत तर ही कल्पना फार सुटसुटीत झाली. १९७४ मध्ये त्यांनी आपल्या प्रणालीचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्या काळच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद अवघी १६ बाइटांची होती: दोन बाइट क्रमांकासाठी आणि चौदा नावासाठी. कोणीही ती यादी सामान्य फाईलीप्रमाणे उघडावी आणि वाचावी. वाचण्यास मनाई नाही. लिहिण्यास मात्र सक्त मनाई. नोंद घालणे, काढणे हे प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, स्वतःच्या हाताने करावयाचे. कारण एक नोंद चुकली तर कागद जागच्या जागी राहूनही कोणास सापडत नाही.

“आणि असा पोरका झालेला कागद सापडला तर?” आम्ही विचारले. तर त्यासाठी युनिक्सने ‘हरवले-सापडले’ नावाची वेगळी डिरेक्टरीच ठेवली आहे म्हणे. तपासणी करणारी आज्ञा धुंडाळत जाते आणि ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही त्यांना आकड्याने ओळखून तेथे नेऊन ठेवते. रेल्वे स्थानकावरील हरवलेल्या छत्र्यांच्या कपाटाची आम्हांस आठवण झाली.

आमची छायाचित्रे अशीच आकड्यांवर आली होती. पण प्रत्येक छायाचित्राच्या पोटात ते टिपल्याची वेळ नोंदलेली असते, तेव्हा क्रम लावणे कठीण गेले नाही. आम्ही निश्चिंत झालो. ३२२ छायाचित्रे, ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने, हाती होती. ज्या क्रमाने घेतली, हे शब्द किती खोल खड्डा झाकून बसले आहेत, हे कळावयास ऑक्टोबर उजाडावा लागला.

२०१९ च्या सरस्वतीपूजेस रावजींनी नेहमीप्रमाणे रुमाल सोडला. त्यांना मोडी येत नसले तरी वरचा कागद ते जन्मभर पाहात आले होते. लांबट, बारीक ओळींचा, डाव्या कोपऱ्यात हळदीचे डाग साचलेला. तो वर नव्हता. मध्ये कोठे तरी सापडला. त्याच्या खालचा, मोठ्या शिक्क्याचा कागद, तोही जागेवर नव्हता. सायंकाळी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरे झाले असते.

“साहेब, कागद सगळे आहेत. रुमाल नाही.”

तो वरचा कागद म्हणजे यादी होती. तंजावरचे एक मोडीवाचक आम्ही सोबत घेऊन गेलो, त्यांनी ती वाचली तेव्हा उलगडा झाला. १४३ कलमांची, कोण्या काळच्या कारकुनाने केलेली क्रमवार यादी. पुढचे अठरा कागद मागाहून पडलेले, त्यांची नोंद करावयाची राहिली होती. यादीत क्रमांक होते, कागदांवर नव्हते. कागदास आपले नाव ठाऊक नव्हते! सारे नाव वरच्या एका कागदात आणि त्याखालील रचनेत होते. आणि रचना आम्ही आकाराप्रमाणे लावून बसलो होतो. यादीत ‘कोठीची भात-जमा’ असे एकच वर्णन चाळीसएक कलमांस होते. त्यांपैकी कोणते कलम म्हणजे कोणता कागद हे यादी सांगेना. युनिक्सने लिहिण्याची मनाई कोणासाठी केली होती, ते आम्हांस त्या दिवशी समजले. यादीस आम्ही हात लावला नव्हता, हे खरे. पण ती ज्यांची यादी होती ते कागद हलविले म्हणजे यादी पुसलीच.

आता वाचक म्हणतील, की कागद आहेत, मजकूर आहे. क्रम गेला तर एवढे काय बिघडले? जुने मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे विचारावे लागणार नाही. एका कागदावर कारकुनाचे पूर्ण नाव येते. पुढील दहा कागदांवर येतो तो ‘मजकूर’. कारकून मजकूर, गाव मजकूर, साल मजकूर. मजकूर म्हणजे वर सांगितलेला. वर म्हणजे कोठे, तर आधीच्या कागदात. तो आधीचा कागद कोणता हे गेले, की मजकुराचा माणूस गेला. या रुमालात कोठीवरील कारकुनांची दोन नावे येत होती, आणि त्यांपैकी एकच रावजींच्या घराण्याचे होते. भाताचे हिशेब, शाळेच्या मुलांच्या शिध्याची नोंद, एका तक्रारीचा जाब, हे सारे ‘मजकुरा’च्या नावावर. साठ वर्षे कोणी न वाचता जे जपले, ते वाचावयाची वेळ आली तेव्हाच आम्ही त्यातील माणूस हरवून बसलो होतो.

आम्ही कन्येस सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, यावर आमच्याकडेही वाद आहे.” तो वाद असा. डिरेक्टरी ही यादी म्हणून एक फाईल, हे झाले एक. पण कित्येकांना वाटते की यादी आणि तिच्यातील साऱ्या वस्तू मिळून जो संच होतो, तोच एक फाईल मानावा. नेक्स्ट या कंपनीच्या यंत्रांत आणि तेथून २००१ मध्ये मॅक ओएस टेनमध्ये हे केले गेले. पडद्यावर दिसते ते एक चिन्ह. ते एका टिचकीसरशी उघडते, एक म्हणून हलते, एक म्हणून पुसले जाते. आत पाहावे तर शंभर फाईली. आमची फाईल तरी दुसरे काय असते? मात्र हे एकपण त्या प्रणालीच्या मान्यतेपुरते. दुसऱ्या प्रणालीवर नेले की कापड गळते आणि कागद विखुरतात. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, की संचास खरोखरीच एका फाईलीत बांधा. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील टार, १९८९ पासूनचा झिप, हे असले रुमाल. आपण कचेरीत रोज जो वर्डचा दस्तऐवज उघडतो, तोही २००७ पासून आतून झिपच आहे. त्यात मजकूर वेगळा, चित्रे वेगळी आणि यादी वेगळी. हे ऐकून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे फसविल्यासारखे वाटले. पण अशा गाठीचेही दुःख आहेच: आतील एका कागदावर एक अक्षर बदलावयाचे तर बहुधा सारा रुमाल सोडून पुन्हा बांधावा लागतो.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनात रुतून बसली. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट नावाचे एक साधन केले. त्यात प्रत्येक डिरेक्टरीची यादी हीच एक स्वतंत्र वस्तू असते आणि तिची ओळख तिच्यातील नोंदींवरून गणिताने काढलेली असते. कागद तेच ठेवून दोन कागदांच्या नावांची नुसती अदलाबदल केली, तरी कागदांची ओळख कायम राहते आणि यादीची ओळख बदलते. कागद सगळे आहेत, रुमाल नाही!

मद्रासच्या जुन्या कचेऱ्यांत टॉटनहॅम पद्धत चाले. तिच्यातला एक नियम येथे सांगावयास हरकत नाही. प्रकरण निकालात निघाले की त्यावर शेरा पडे: आर. डिस. म्हणजे कायम ठेवावे, डी. डिस. दहा वर्षे, के. डिस. तीन वर्षे; एल. डिस. एक वर्ष. शेरा पडे तो संपूर्ण प्रकरणावर. तीन वर्षांच्या गठ्ठ्यात चुकून एखादा कायमचा कागद राहिला, तर तोही इतरांबरोबर जळे. एक म्हणून जगवायचे तर एक म्हणून मारावेही लागते. रावजींचे चिरंजीव फोनवर हेच सांगत होते, आपल्या भाषेत. गाजासारखे दुसरे वादळ आले तर रुमाल एकाच वेळी संपूर्ण भिजेल; सुटी छायाचित्रे दहा ठिकाणी असली तर दहाही बुडणार नाहीत. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण म्हातारा ऐकत असे आणि फोन ठेवल्यावर मान हलवी.

क्रम परत लावावयाचा कसा? यास उत्तर सापडले ते कसरीने दिले. कसर कागद ओळखत नाही, रुमाल ओळखते. ती एका पानावर थांबत नाही; वरून शिरते आणि सरळ खाली जाते. एका कागदावरील भोक ज्याच्या भोकाशी तंतोतंत जुळते तो त्याचा शेजारी. भोक बारीक होत गेले की आपण तिच्या वाटेच्या टोकाकडे चाललो. हे मोडीवाचकांनी दाखविले. जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना ही खूण ठाऊक असते. आणि दुसरा साक्षीदार होता तो गाजा. वादळाचे पाणी रुमालाच्या एका कोपऱ्यातून शिरून थराथराने ओसरत गेले होते; वरच्या कागदांवर तळहाताएवढा डाग, पुढे रुपयाएवढा, पुढे नुसती पिवळी कड. ज्या पाण्याने आम्हांस त्या ओसरीवर आणले, त्यानेच आता क्रम सांगावा, हे पाहून रावजी प्रथमच हसले.

नोव्हेंबरापासून आम्ही पुन्हा रविवारी जाऊ लागलो. कागद ओसरीवर मांडावयाचे, दोघांनी दोन बाजूंस बसावयाचे, एकाने भोकांचा आराखडा पातळ कागदावर गिरवावयाचा आणि दुसऱ्याने तो कागदांवर ठेवून पाहावयाचा. मध्ये कॉफी. कधी दोन तासांत बारा कागद लागत, कधी दिवसभरात एकही नाही. जानेवारीत एका दुपारी मोठ्या शिक्क्याच्या कागदाखालची अकरा पाने सलग जुळली. मोडीवाचक ती एकामागून एक वाचीत गेले. पहिल्यावर नाव होते, पुढील दहांवर मजकूर. शाळेतील मुलांचा शिधा, कोठीचे भात आणि त्या तक्रारीचा जाब. नाव रावजींच्या घराण्याचे होते. तक्रार अशी होती, की कारकून मजकूर याने परगावच्या मुलांना नियमापेक्षा अधिक भात वाढला. जाबात त्याने ते कबूल केले होते. रावजींनी तो जाब दोनदा वाचावयास लावला. मग उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मार्च २०२० पर्यंत १५२ कागद लागले. मग सारा देश घरात बसला आणि आमचे रविवार थांबले. उरलेल्या नऊंपैकी दोन आम्ही फोनवर लावले. रावजी पट्टीने भोकांची अंतरे मोजून सांगत आणि आम्ही छायाचित्रांवर पडताळून पाहात असू. सात राहिले. त्यांवर डाग नाही, भोक असे आहे की कोठेही बसेल. लागलेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने बारीक आकडा घालण्याची परवानगी मात्र आम्ही टाळेबंदीपूर्वीच मिळविली होती. म्हातारा प्रथम नको म्हणाला होता. मग स्वतःच पेन्सिल टोकून दिली.

कन्येने छायाचित्रांची नवी मांडणी केली; प्रत्येकाच्या नावात यादीतील आकडा घातला आणि यादीचे देवनागरी लिप्यंतर सोबत ठेवून सारे एका फाईलीत बांधले. ती एक प्रत अमेरिकेस गेली, एक बंगळूरास राहिली, एक आमच्याजवळ आहे. मूळ रुमाल ग्रंथालयास देण्याचा अर्ज रावजींनी केला आहे; सोबतच्या निवेदनात कारकुनाचे नाव आहे आणि अधिक वाढलेल्या भाताचाही उल्लेख आहे, तो त्यांनी मुद्दाम घालविला.

२०२१ मध्ये आमची बदली झाली. निघण्यापूर्वी शेवटचे ओरत्तनाडुस गेलो तेव्हा रुमालास नवे कापड आले होते. रावजींनी तो आमच्या हातांनी बांधून घेतला. गाठ मात्र स्वतः मारली. ते सात कागद त्यांनी एका लहानशा जुन्या फडक्यात, आधीच्याच रुमालाच्या तुकड्यात, निराळे बांधले आहेत आणि ती पुरचुंडी मोठ्या रुमालाच्या आत, अगदी तळाशी ठेवली आहे. मोडीवाचकांकडून त्यांनी यादीच्या शेवटी तिची नोंद करून घेतली. सात कागदांची सात कलमे नव्हेत, पुरचुंडीचे एक.